मराठी चित्रपटातील आश्रमीय शिक्षणाचे विडंबन : ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि मराठवाड्याचा संदर्भ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

धर्माच्या नावाने चालणारी शाळा, तेथील शिस्त, तेथील प्रार्थना व व्रते आणि त्या शिस्तीत वाढणारी तरुण मुले हा पाश्चात्त्य विनोदी चित्रपटांचा एक परिचित विषय आहे. अमेरिकेत २००४ साली प्रदर्शित झालेला ब्रायन डॅनेली यांचा ‘सेव्ह्ड’ हा चित्रपट या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणून सांगता येईल. मराठीत असा स्वतंत्र चित्रपटप्रकार रूढ झाला नाही. कॉन्व्हेंट शाळेतील किंवा मिशनरी वसतिगृहातील किशोरवयीन मुलांच्या धार्मिक जीवनावर उपहासाने बोलणाऱ्या चित्रपटांची परंपरा मराठीत आढळत नाही. परंतु धर्माधिष्ठित शिक्षणाची थट्टा मराठी चित्रपटाने केलीच नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य ठरणार नाही. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३८ साली काढलेला ‘ब्रह्मचारी’ हा चित्रपट म्हणजे आश्रम, व्यायाम, व्रत आणि राष्ट्रसेवा यांची सांगड घालणाऱ्या शिक्षणकल्पनेचे विडंबन आहे. त्याचा नायक शाळकरी किशोर नसला तरी तो दीक्षा घेऊन पुन्हा विद्यार्थी झालेला तरुण आहे. म्हणून प्रस्तुत विषयाशी सर्वांत निकटची मराठी कलाकृती म्हणून ‘ब्रह्मचारी’ची निवड करावी लागते.

या चित्रपटाविषयी आजवर झालेली चर्चा मुख्यतः दोन गोष्टींभोवती फिरते. एक, आचार्य अत्रे यांचा विनोद. आणि दोन, नायिका मीनाक्षी यांचा पोहण्याचा पोशाख व त्यावरून उठलेले वादळ. प्रस्तुत निबंधात या चित्रपटाकडे शिक्षणाच्या इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर तो १९३८ या वर्षीच्या मराठवाड्यासमोर ठेवून पाहिला आहे. कारण ज्या वर्षी कोल्हापूर-पुण्याकडे व्रतस्थ आचार्य हा हसण्याचा विषय झाला, त्याच वर्षी निजामाच्या राज्यात एक संन्यासी शिक्षक तुरुंगात जात होता.

उद्दिष्टे :

१) ‘ब्रह्मचारी’ चित्रपटातील विडंबनाचे नेमके लक्ष्य कोणते, याचा शोध घेणे.
२) या विडंबनामागील शैक्षणिक व सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) हैदराबाद संस्थानातील राष्ट्रीय शाळांच्या संदर्भात या विडंबनाच्या मर्यादा तपासणे.
४) पाश्चात्त्य चित्रपटांशी तुलना करून मराठीत हा चित्रपटप्रकार का वाढला नाही, याची कारणमीमांसा करणे.

संतपरंपरेतील पूर्वपीठिका :

धर्मशिक्षणातील विसंगतीवर हसणे ही गोष्ट मराठी समाजाला चित्रपटाने शिकविली नाही. तिचे एक जुने उदाहरण आजच्या हिंगोली जिल्ह्यातच सापडते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नर्सी नामदेव प्रसिद्ध आहे, तर त्यांच्या गुरुभेटीची कथा औंढा नागनाथ येथील मंदिराशी जोडलेली आहे. परंपरेनुसार नामदेव गुरूच्या शोधात या मंदिरात आले तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी संतापून हरकत घेतली. त्यावर जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सुचविले. आणि नामदेव जेथे जेथे पाय ठेवू लागले तेथे तेथे लिंग दिसू लागले. ही कथा आपण चमत्कारकथा म्हणून ऐकतो. परंतु तिची रचना एका मार्मिक विनोदाची आहे. येथे गुरू शिष्याच्या श्रद्धेला हसत नाही. शिष्याने केवळ ऐकून स्वीकारलेल्या सोवळ्याला हसतो.

पैठणच्या संत एकनाथांनी हीच दृष्टी भारुडांतून लोकांपर्यंत नेली. भारुडातील सोंगे दांभिक साधू, ढोंगी जोगी आणि पोटभरू उपदेशक यांची टर उडवितात. पण ते सादर करणारा आणि पाहणारा समाज भक्तिमार्गीच असतो. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा, आखाडा बाळापूर किंवा वारंगा या परिसरातील गावांना कीर्तन, भारूड आणि यात्रेतील सोंगे यांची ओळख चित्रपटाच्या फार आधीपासूनची आहे. अशा गावातील प्रेक्षकाला ढोंगी बुवाचे हसे करणे नवे वाटण्याचे कारण नव्हते. मूकपटांच्या व बोलपटांच्या काळातही ही परंपरा खंडित झाली नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटातील सालोमालो हे पात्र त्याचे उत्तम उदाहरण होय. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवू पाहणारा हा धर्माधिकारी हास्यास्पद ठरतो आणि त्यामुळे तुकोबांच्या भक्तीला बाध न येता ती अधिकच उजळते. सारांश, श्रद्धा आणि श्रद्धेचे सोंग यांत भेद करून सोंगाला हसणे ही मराठी भक्तिपरंपरेने मान्य केलेली रीत होती.

ब्रह्मचर्याचा आदर्श आणि शिक्षणसंस्था :

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रात शिक्षण, शरीरसंवर्धन आणि राष्ट्रकार्य यांना एकत्र आणणाऱ्या अनेक संस्था उदयास आल्या. प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रेरणेने निघाले आणि १९१० साली सरकारी रोषामुळे बंद पडले. वाई येथे केवलानंद सरस्वती यांच्या प्राज्ञपाठशाळेने पारंपरिक शास्त्राध्ययनाला नवे वळण दिले. उत्तरेकडे स्वामी श्रद्धानंदांनी १९०२ साली कांगडी येथे गुरुकुल स्थापन केले होते आणि ब्रह्मचर्याश्रमाची कल्पना आर्य समाजाच्या द्वारे दक्षिणेतही पसरली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) यांनी व्यायामाला संघटित रूप दिले. सातारा भागातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार आपल्या संस्थानातील शाळांपर्यंत नेला. १९२५ साली नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली. दुसरीकडे महात्मा गांधींनी ब्रह्मचर्य हे आश्रमजीवनाचे एक व्रत मानले होते. अशा रीतीने परस्परांशी मतभेद असणाऱ्या प्रवाहांमध्येही एक समान धागा होता. तरुणाने इंद्रियनिग्रह करावा, शरीर कमवावे आणि ते राष्ट्राला अर्पण करावे, हा तो धागा होय.

या आदर्शाची गंभीर चिकित्साही त्याच काळात सुरू झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे या मिशनरी महाविद्यालयातील त्यांची नोकरी १९२५ साली संपुष्टात आली. पुढे जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि त्यापायी खटल्यांना तोंड दिले. ब्रह्मचर्याने तेज वाढते, या समजुतीला कर्वे यांनी शास्त्रीय युक्तिवादाने विरोध केला. कर्वे यांची वाट तर्काची होती आणि तिचा वाचकवर्ग मर्यादित होता. तोच प्रश्न सामान्य प्रेक्षकांपुढे विनोदाच्या रूपाने मांडण्याचे काम चित्रपटाने केले.

‘ब्रह्मचारी’ चित्रपटाचे स्वरूप :

हंस पिक्चर्स ही संस्था मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली कोल्हापुरात उभी केली. वि. स. खांडेकर आणि प्रल्हाद केशव अत्रे हे दोन लेखक तिला लाभले. खांडेकरांनी ‘छाया’ (१९३६) सारख्या गंभीर कथा दिल्या, तर अत्रे यांनी ‘धर्मवीर’ (१९३७), ‘प्रेमवीर’ (१९३७), ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) हे विनोदी चित्रपट लिहिले. ‘धर्मवीर’मध्ये धार्मिक प्रतिष्ठेखाली दडलेल्या दांभिकतेवर प्रहार होता. ‘ब्रह्मचारी’ने हीच दृष्टी शिक्षण आणि दीक्षा यांच्याकडे वळविली. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे होते आणि नायकाची भूमिकाही त्यांनीच केली.

कथानकाचा गाभा सोपा आहे. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकतो आणि तात्काळ भारावून जातो. तो खोलीतील नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायाम सुरू करतो आणि आचार्य चंडिराम यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी ही तरुणी त्याच्या आयुष्यात येते आणि त्याचा निश्चय हळूहळू ढासळतो. मीनाक्षी यांच्यावर चित्रित झालेले जलक्रीडेचे गीत आणि त्यातील त्यांचा पोहण्याचा पोशाख यांमुळे त्या काळी मोठी खळबळ माजली. ब्रह्मचर्य आणि राष्ट्रवाद यांच्या या जोडणीत तत्कालीन हिंदू संघटनांच्या विचारसरणीचे प्रतिबिंब काही अभ्यासकांना दिसले आहे. तथापि वर उल्लेखिलेल्या संस्थांची विविधता पाहता, हे विडंबन कोणत्याही एका संस्थेपुरते मर्यादित मानण्याऐवजी ते त्या युगाच्या एका सामायिक वृत्तीचे विडंबन मानणे अधिक उचित ठरते.

या कथानकातील तीन बाबी शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत.

पहिली बाब म्हणजे व्रताचा उगम. औदुंबराचे व्रत त्याच्या अनुभवातून किंवा चिंतनातून जन्माला येत नाही. ते एका व्याख्यानातून येते. वक्त्याचा शब्द आणि श्रोत्याचा निश्चय यांच्यामध्ये विचाराला अवकाशच उरत नाही. येथे विडंबनाचा रोख ब्रह्मचर्यावर नसून ‘उसन्या’ ब्रह्मचर्यावर आहे.

दुसरी बाब म्हणजे व्रताचे बाह्य प्रदर्शन. चित्रे फेकणे, दिनचर्या बदलणे, व्यायामाला लागणे ही सर्व लक्षणे डोळ्यांना दिसणारी आहेत. मन बदलण्यापूर्वी खोली बदलते. कोणत्याही शिस्तप्रिय शिक्षणसंस्थेत गणवेश, प्रार्थना आणि घोषणा यांना जे महत्त्व असते, त्याची ही अतिशयोक्त प्रतिमा आहे.

तिसरी बाब म्हणजे गुरूंची नावे. जटाशंकर, चंडिराम ही नावे उच्चारताच हसू येते. ‘देशभक्त’ व ‘आचार्य’ या उपाधींमुळे तर ते वाढतेच. शिष्याचे नाव मात्र औदुंबर, म्हणजे दत्तसंप्रदायात पवित्र मानलेल्या वृक्षाचे आहे. पवित्र नाव धारण केलेला साधा मुलगा आणि भयंकर नावांचे गुरू अशी ही मांडणी आहे. त्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती शिष्याकडे राहते. औदुंबर पराभूत होतो तेव्हा प्रेक्षकाला तो सुटल्यासारखा वाटतो.

विडंबनकार शिक्षक :

या विडंबनाचा लेखक स्वतः व्यवसायाने शिक्षक होता, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. अत्रे (१८९८–१९६९) यांनी पुण्यातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद भूषविले, लंडनला जाऊन अध्यापनशास्त्राची पदविका मिळविली आणि मराठीच्या अध्यापनाला ‘नवयुग वाचनमाला’ दिली. ‘झेंडूची फुले’ (१९२५) या विडंबनकवितांच्या संग्रहाने ते प्रसिद्धीस आले आणि ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकात त्यांनी सूर्यनमस्काराच्या अतिरेकी वेडासह समाजातील विविध छंदांची खिल्ली उडविली. हंस पिक्चर्सचे दुसरे लेखक खांडेकर हेही अनेक वर्षे शिरोडे येथे शिक्षक होते. म्हणजे धर्म, शिस्त आणि तरुण मन यांविषयी या चित्रसंस्थेने जे सांगितले ते शाळेबाहेर उभे राहून सांगितलेले नव्हते. वर्गात रोज मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला उपदेश कोठे रुजतो आणि कोठे नुसता पाठ होतो, हे ठाऊक असते. ‘ब्रह्मचारी’तील हास्यामागे हे व्यावसायिक ज्ञान आहे.

अत्रे यांच्या पुढील कामगिरीने या अर्थाला दुजोरा मिळतो. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारित ‘श्यामची आई’ (१९५३) हा चित्रपट त्यांनी काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर त्यांनी ‘महात्मा फुले’ (१९५४) हा चित्रपट निर्माण केला. एकात आई मुलाला रोजच्या जगण्यातून धर्म शिकविते, दुसऱ्यात १८४८ साली मुलींची शाळा उघडणारा शिक्षक समाजाचा रोष पत्करतो. चंडिरामाला हसणारा लेखक श्यामच्या आईपुढे आणि जोतिरावांपुढे नतमस्तक होतो, यात विसंगती नाही. ज्या शिकवणुकीची किंमत शिकविणाऱ्याने स्वतः मोजली आहे तिला तो हसत नाही. जी दुसऱ्याने मोजावी अशी अपेक्षा असते तिला हसतो.

१९३८ चा मराठवाडा :

‘ब्रह्मचारी’ प्रदर्शित झाला तेव्हा आजचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात नव्हता. कळमनुरी तालुका व त्यातील डोंगरकडा हे गाव हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत होते; १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खासगी शाळा काढणे, सभा भरविणे, आखाडा चालविणे या साध्या गोष्टींवरही परवानगीची बंधने होती. परिणामी कोल्हापूरच्या चित्रपटात ज्या गोष्टी थट्टेचा विषय झाल्या – व्याख्यान, व्यायामशाळा, आश्रमवजा शिक्षणसंस्था – त्याच गोष्टी मराठवाड्यात सहजासहजी मिळत नव्हत्या.

या परिस्थितीत मराठीतून शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय शाळांचे महत्त्व असाधारण होते. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, १९२१ साली निघालेली हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय या संस्था त्यांपैकी प्रमुख होत. या शाळांतील शिक्षक तुटपुंज्या वेतनावर, पुष्कळदा विद्यार्थ्यांबरोबर राहून काम करीत. व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परग्याच्या शाळेत शिक्षक होते. १९३२ साली त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ पासून ते अंबाजोगाईच्या विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन उभे राहिले. महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक होत.

या घटना ‘ब्रह्मचारी’च्या शेजारी ठेवल्या की एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. व्रतस्थ शिक्षक हे ‘चंडिराम’चे बाह्य लक्षण आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचेही. मग चित्रपटाचे हास्य स्वामीजींनाही लागू पडते काय? बाह्य लक्षणांपुरते पाहिले तर पडते. परंतु चित्रपटाची अंतर्गत कसोटी लावली तर पडत नाही. स्वामीजींचे व्रत व्याख्यानातून उसने घेतलेले नव्हते. ते वर्षानुवर्षांच्या अध्यापनानंतर आले आणि त्याची परिणती कारावासात झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या निर्णयांची किंमत शिक्षकांनीही मोजली. विडंबनाचे शस्त्र जेथे निष्प्रभ होते तेथे त्याची मर्यादा कळते आणि त्याचे खरे लक्ष्यही कळते.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पुणे-मुंबई-कोल्हापूर भागात १९३८ पर्यंत शाळांचे जाळे विणले गेले होते. न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेला (१८८०) अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. ज्या समाजाला शाळा सहज मिळते तो समाज शाळेला हसू शकतो. ज्या समाजाला ती परवानगीने, वर्गणीने आणि धोका पत्करून मिळवावी लागते, तो हसण्यास कचरतो. त्यामुळे मराठवाड्यात व्रतस्थ शिक्षकाविषयी दीर्घकाळ जो आदरभाव टिकला, त्याला केवळ श्रद्धाळूपणा म्हणून चालणार नाही. तो एका ऐतिहासिक अभावातून निर्माण झालेला आदर आहे. मात्र १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही परिस्थिती बदलली. खेडोपाडी शाळा व तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये निघाली आणि १९९४ साली नांदेड येथे स्वामीजींच्याच नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण संस्थारूप झाले की शिक्षकाचा आदर व्यक्तीकडून पदाकडे जातो आणि पदाला मिळणाऱ्या आदराची कसोटी घेण्याचे काम विनोदालाच करावे लागते.

पाश्चात्त्य चित्रपटांशी तुलना :

शाळेवरील विडंबनाला सत्तेने कसा प्रतिसाद दिला, याचे एक उदाहरण म्हणजे झां विगो यांचा ‘झेरो द काँद्वित’ हा १९३३ सालचा फ्रेंच चित्रपट. निवासी शाळेतील मुलांच्या बंडाचे चित्रण करणाऱ्या या चित्रपटावर फ्रान्समध्ये बंदी आली आणि ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत टिकली. अमेरिकेत इडा ल्युपिनो यांनी ‘द ट्रबल विथ एंजल्स’ (१९६६) मध्ये जोगिणींच्या शाळेतील दोन खोडकर मुलींची कथा सौम्य विनोदाने सांगितली; तिच्या शेवटी त्यांपैकी एक मुलगी स्वतःच जोगीण होण्याचा निर्णय घेते. ‘हेवन हेल्प अस’ (१९८५) मध्ये ब्रुकलिनमधील १९६५ सालच्या कॅथलिक शाळेतील कठोर शिक्षेचे चित्रण आहे. ‘सेव्ह्ड’ (२००४) मध्ये ख्रिस्ती शाळेतील आदर्श विद्यार्थिनी हिलरी फे आपल्या मैत्रिणीला प्रेमाचा उपदेश करीत असताना तिच्या अंगावर बायबल फेकून मारते. ‘येस, गॉड, येस’ (२०१९) मध्ये कॅथलिक शाळेतील मुलीला लैंगिक कुतूहलापायी वाटणारा अपराधभाव हा विषय आहे.

या चित्रपटांत आणि ‘ब्रह्मचारी’त एक साम्य ठळकपणे जाणवते. येथेही देवावर किंवा श्रद्धेवर आघात नाही. ‘सेव्ह्ड’ची नायिका मेरी अखेरीस श्रद्धा टाकून देत नाही, ती अधिक विनम्र श्रद्धेकडे येते. हास्य ओढवते ते श्रद्धेचा वापर दुसऱ्याला दटावण्यासाठी करणाऱ्यांवर. शिवाय तरुण शरीर आणि धार्मिक शिस्त यांतील ताण हा ‘ब्रह्मचारी’, ‘सेव्ह्ड’ आणि ‘येस, गॉड, येस’ या तिन्ही चित्रपटांचा समान विषय आहे. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. पाश्चात्त्य चित्रपटातील मूल त्या शाळेत पालकांच्या इच्छेने येते. औदुंबर स्वतःच्या इच्छेने दीक्षा घेतो. म्हणून तेथील विनोद बंडाचा आहे, तर येथील विनोद आत्मवंचनेचा आहे.

मराठीत हा प्रकार का वाढला नाही?

याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण शिक्षणाच्या रचनेत आहे. मराठी माध्यमाच्या बहुसंख्य शाळा शिक्षणसंस्थांच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या होत्या. त्यांत धर्मशिक्षण हा केंद्रस्थानी असलेला विषय नव्हता. मिशनरी शाळा होत्या, परंतु त्यांपैकी नामवंत शाळांचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी असल्याने त्या मराठी चित्रपटाच्या अनुभवविश्वाबाहेर राहिल्या. दुसरे कारण घटनात्मक आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि शासनमान्य अथवा अनुदानित संस्थेतही ते संमतीविना कोणावर लादता येत नाही. त्यामुळे १९५० नंतर धार्मिक शाळा हा सार्वत्रिक अनुभव राहिला नाही. तिसरे कारण सांस्कृतिक आहे. धर्मातील दंभाची थट्टा करण्यासाठी मराठीजवळ कीर्तन, भारूड, लोकनाट्य ही समर्थ माध्यमे होती. त्या थट्टेला शाळेचा आसरा घ्यावा लागला नाही. उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११) हा श्रद्धेच्या बाजारीकरणावरील उपहासात्मक चित्रपट शाळेत नव्हे, तर गावात घडतो.

तरीही ‘ब्रह्मचारी’तील मूळ प्रश्न नंतरच्या शालेय चित्रपटांतून वेगळ्या रूपात आलेला दिसतो. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर आधारित ‘शाळा’ (२०११) या सुजय डहाके यांच्या चित्रपटात आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आहे. तेथे धर्माची जागा ‘अनुशासन पर्वा’तील शिस्तीने घेतली आहे आणि मुलांचे कोवळे प्रेम त्या शिस्तीच्या फटीतून वाट काढते. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ (२०१३) मध्ये लैंगिक शिक्षणाविषयीच्या मौनाची थट्टा आहे. र. धों. कर्वे यांनी ज्या मौनावर १९२७ साली आघात केला, तेच मौन ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही मराठी विनोदाला विषय पुरविते, हे शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाने विचारात घेण्यासारखे आहे.

निष्कर्ष :

१) ‘ब्रह्मचारी’ हा धर्मविरोधी चित्रपट नाही. त्याचे लक्ष्य अनुभवाशिवाय स्वीकारलेले आणि प्रदर्शनासाठी पाळलेले व्रत हे आहे. या दृष्टीने तो विसोबा–नामदेव कथा आणि एकनाथांची भारुडे यांच्या परंपरेशी नाते सांगतो.

२) हे विडंबन शिक्षकाने लिहिलेले आहे. अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ व ‘महात्मा फुले’ या नंतरच्या चित्रपटांशी ते विसंगत नसून पूरक आहे.

३) विडंबनाला प्रादेशिक इतिहासाच्या मर्यादा असतात. १९३८ सालच्या मराठवाड्यात व्रतस्थ शिक्षक हा मातृभाषेतील शिक्षणाचा आणि मुक्तिलढ्याचा आधार होता. पश्चिम महाराष्ट्रातील चित्रपटाचे मूल्यमापन साऱ्या महाराष्ट्राला जसेच्या तसे लावणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही.

४) चंडिराम आणि स्वामी रामानंद तीर्थ यांतील भेद वेषाचा नसून शिकवण व आचरण यांच्यातील अंतराचा आहे. हे अंतर विद्यार्थ्यांना सर्वांत आधी दिसते आणि ते प्रथम त्यांच्या हसण्यातून प्रकट होते. म्हणून विद्यार्थ्यांच्या विनोदाकडे केवळ बेशिस्त म्हणून न पाहता शिक्षणसंस्थेच्या आत्मपरीक्षणाचे एक साधन म्हणून पाहणे आवश्यक आहे.

५) डोंगरकडासारख्या गावांतून येणारा आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी नामदेवांची कथा, मुक्तिसंग्रामाचा वारसा आणि चित्रपट या तिन्ही गोष्टी जाणतो. या तिन्हींचे एकत्रित अध्यापन इतिहास, मराठी आणि शिक्षणशास्त्र या विभागांनी मिळून करावे, असे या अभ्यासाच्या आधारे सुचवावेसे वाटते.